सासू, बोडका माड आणि माझी चादर

आमच्या घरात गेली वीस वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. मी सांगत नाही, बायको सांगते. पाहुणे येतात, चहा होतो, बोलणं पाणीकपात आणि सोसायटीचं पार्किंग अशा पायऱ्या उतरत तळाला पोचतं, मग ती म्हणते, "यांच्याकडे बघून वाटतं का हो? पण यांनी एकदा खडकावर चढलेली होडी वाचवली आहे." पाहुणे माझ्याकडे बघतात. वाटत नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. मी कपात बघतो. "बघा, आत्तासुद्धा बोलायचे नाहीत," बायको म्हणते. "असेच आहेत."

माझ्या गप्प बसण्याला विनय समजणारी ती जगातली एकटीच बाई असावी.

ती होडी मी वाचवली नव्हती. खडकावर चढवली मीच होती.

एवढी दोन वाक्यं लिहायला मला बावीस वर्षं लागली. आता लिहितोच आहे तर सगळं लिहितो. बायकोला विचारून घेतलं. ती म्हणाली, "लिहा. पण चादर माझी नव्हती, तुमच्या आईची होती, हे स्पष्ट लिहा." तर चादर आईची होती.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, लग्न न झालेला, पुण्यातल्या एका पाण्याशी संबंधित कचेरीत कारकुनाच्या जरा वरच्या खुर्चीवर. माझा आणि पाण्याचा संबंध कर्वेनगरच्या नळापुरता, तोही सकाळी साडेसहा ते आठ. अशा माणसाला कचेरीने वर्षभरासाठी कोकणच्या पार दक्षिणेकडच्या एका बंदरावर पाठवलं. काम काय, तर धक्क्याच्या खांबाला आकडे रंगवलेली एक पट्टी ठोकलेली होती; समुद्र किती चढला, किती उतरला हे त्या पट्टीवर बघून वहीत लिहायचं. वहीत शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. मी त्यात रोज लिहीत असे : विशेष काही नाही.

पहिल्याच दिवशी धक्क्यावरचा एक म्हातारा माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि बराच वेळ माझं काम बघत राहिला. मग म्हणाला, "ह्या बघूक पुण्यासून मानूस धाडल्यानी?"

मी हो म्हणालो.

"माका इचारल्यानी आसता तर मी फुकट सांगलं आसतंय."

तेव्हापासून बंदरावर माझं नाव पट्टीवाले पडलं. पट्टीवर कालवं चिकटलेली होती, आणि दोन मीटरच्या आकड्यावर एक काळपट खेकडा कायमचा बसलेला असे. तो बाजूला झाल्याशिवाय मला दोन मीटर वाचता येत नसत. मी काठीने त्याला सरकवायचो, तो नांगी उगारायचा आणि एका लाटेच्या अंतराने परत जागेवर यायचा. पहिले दहा महिने आमच्यापैकी कोणीच माघार घेतली नाही.

दोन नोंदींच्या मध्ये मोकळा वेळ भरपूर. ओहोटीला कड्याखालच्या खडकांत डबकी उरायची आणि मी त्यांच्या काठी बसून राहायचो. हाताला लागलं की मिटून घेणारी फुलं, जी फुलं नव्हतीच. दगडाच्या रंगाची, लांब पायांची माकुलं. सगळ्यात आवडता माझा शंखात राहणारा खेकडा. त्याला जागा लहान पडायला लागली की तो नवा शंख बघायला निघतो. बाहेरून ठोकून बघतो, आत नांगी घालून मापं घेतो, अर्धा आत शिरतो, बाहेर येतो, आणि पुन्हा आपल्या जुन्याच शंखात जाऊन बसतो. फ्लॅट बघायला निघालेला पुणेकर मी पुण्याबाहेर तेवढाच पाहिला.

बंदर म्हणजे दोन कड्यांच्या मधली चिंचोळी जागा. तोंडाशी खडकांची रांग. त्यातला सगळ्यात पुढचा, ऐन वाटेतला खडक, त्याला सगळं गाव 'सासू' म्हणायचं. ओहोटीला ती आख्खी बाहेर बसलेली असे, तेव्हा तिची कुणाला भीती नव्हती. भरतीला दिसायची नाही, आणि तेव्हाच तिला विसरून चालायचं नाही. होड्या रोज तिला वळसा घालून बरोबर आत येत. कशा येत, हे मी दहा महिन्यांत कुणाला विचारलं नाही. पुणेकर सहसा विचारत नाही. विचारलं तर आपल्याला माहीत नाही असं समोरच्याला कळतं.

माझी खोली वर टेकडीच्या कडेला होती, एका एकट्या कौलारू घरात. घरमालक नवराबायको पुढच्या भागात राहत, मी मागच्या. या घराची एक गंमत होती. पुढची भिंत, जिथून माणसं येत-जात, ती शेवाळून काळी पडलेली. आणि मागची, समुद्राकडची, जी बघायला कुणीही नाही, ती दरवर्षी पावसाळा संपताच चुन्याने पांढरीशुभ्र करून टाकत. मला वाटायचं, काय लोक आहेत! दाराशी आलेल्याला काळी भिंत आणि समुद्राला पांढरी. तिच्यामागे, आणखी वर, वीज पडून शेंडा गेलेला एक बोडका माड उभा होता. तोही कुणी तोडत नव्हतं. त्यावरही मी मनातल्या मनात शेरा मारून ठेवला होता.

ऑक्टोबर आला. समुद्राकडची भिंत म्हणजे पश्चिमेची भिंत. दुपारपासून ती तापायची आणि माझी खोली भट्टी व्हायची. एका शनिवारी मी बाजारातून निळी ताडपत्री आणि भक्कम दोर घेऊन आलो आणि भर दुपारी ती आख्खी भिंत वरपासून खालपर्यंत झाकून टाकली. घरमालक लेकीकडे गेला होता. मालकीण अंगणात होती, पण तिने अंगणभर जवळा वाळत घातला होता आणि कावळ्यांशी तिचं भांडण चालू होतं.

त्या जवळ्यामुळेच पुढचं झालं. दर शनिवारी मी आईने दिलेल्या दोन पांढऱ्या चादरी निळीत घालून अंगणात वाळत घालत असे. आमचं घर शाकाहारी. जवळ्याशेजारी वाळलेल्या चादरीवर झोपायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून उरलेला दोर मी घराच्या बाजूला, तीस-चाळीस पावलांवर असलेल्या दोन काजूंना बांधला आणि दोन्ही चादरी त्यावर एकीला एक लावून पसरल्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून खालची टोकंही खुंट्यांना बांधली. मी नीटनेटका माणूस आहे. मग खाली उतरून चारच्या नोंदीसाठी धक्क्यावर गेलो.

समुद्रावर धुरकट होतं, ऊन थेट टेकडीवर पडलेलं. भरती अर्ध्यावर आलेली, सासू नुकतीच पाण्याखाली गेलेली. चार दिवस बाहेर असलेली पहिली होडी परतत होती. तिचा तांडेल, म्हणजे सुकाणूवर बसणारा मुख्य माणूस, सगळ्या बंदरात नावाजलेला. पन्नाशीचा, काडीसारखा, बोलायला कमी. तीस वर्षांत त्याची होडी सासूला कधी घासलीसुद्धा नव्हती. पट्टीवरच्या खेकड्याबद्दल मला त्यानेच बजावलं होतं : "त्येका काय करू नका. तो तुमच्या आदीपासून हंय नोकरीक आसा."

मी खेकडा सरकवत होतो, तेवढ्यात माझ्यामागे बसलेली मासळीवाली म्हातारी उभी राहिली.

"अरे, ह्यो खंय चल्लो?"

धक्क्यावरचे सगळे उभे राहिले. होडी सरळ येत होती, पण भलतीकडून सरळ.

"भिंत बघ रे! भिंत!" लोक ओरडायला लागले. इंजिनाच्या आवाजात होडीवर काय ऐकू जाणार!

दहा महिन्यांत पहिल्यांदा मी विचारलं, "कसली भिंत?"

"कसली म्हंजे? तुझी!" म्हातारी माझ्यावर खेकसली. "तू ऱ्हवतंस ती! धवी भिंत बोडक्या माडाखाली इली की सरळ आत येवचा. इतक्या म्हयन्यात तुका ठावक नाय?"

मी वर बघितलं. सगळं बंदर समुद्राकडे बघत होतं; टेकडीकडे बघणारा मी एकटा. वर पांढरी भिंत नव्हतीच. आकाशाच्या रंगात मिसळलेलं काहीतरी निळसर होतं. आणि तिथून उजवीकडे, काजूंच्या मधोमध, ऊन खात, चौकोनी, निळीतून काढलेली, अशी शुभ्र भिंत की मालकाच्या चुन्याने लाजावं.

आवाज फार मोठा झाला नाही. नारळ फोडल्यासारखा झाला.

मी पळालो. त्याआधी आणि त्यानंतर मी असा कधी पळालेलो नाही. लोकांना वाटलं, माणूस घाबरला. एका दमात टेकडी चढलो, चादरी ओढल्या, ताडपत्री ओरबाडून काढली, सगळं बोळा करून खाटेखाली कोंबलं. दोर मात्र हातात राहिला. दोराचं काय करावं ते सुचेना. तो तसाच हातात घेऊन मी खाली पळत आलो, का ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा गुन्हेगाराला घटनास्थळी यावंसं वाटतं म्हणतात, ते खरं असेल.

आणि धक्क्यावरून कोणीतरी आरोळी ठोकली, "पट्टीवाले दोर घेवन इले रे!"

लोकांनी वाट करून दिली. माझ्या पाठीवर थापा पडल्या. लहान होडीतून तोच दोर सासूपर्यंत गेला. चौघं जण तिच्या पाठीवर कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, कुणाला खरचटलंही नव्हतं. होडी ओढून काढली. सुकाणू मोडलं होतं, तळाची एक फळी गेली होती आणि चार दिवसांचे बांगडे मोकळे होऊन सगळ्या बंदरभर चमकत तरंगत होते. घारी, कावळे, कुत्री, झालंच तर गावातली निम्मी माणसं जेवणाच्या तयारीने पाण्यात उतरली.

तांडेल भिजलेला धक्क्यावर आला. वळून त्याने टेकडीकडे हात केला, काजूंकडे.

"भिंत थंय होती."

सगळ्यांनी वर बघितलं. भिंत जागेवर होती. पांढरी, बोडक्या माडाच्या बरोबर खाली, जन्मभर होती तशी.

कोणीतरी म्हणालं, "चलत गेली काय रे?"

आधी एक हसला, मग सगळे हसले. सुटकेचं हसू ते, माणसं वाचल्याचं. पण हसू ते हसूच. तांडेल हसला नाही. तो माझ्यासमोर आला.

"पट्टीवाल्यानू, तुमी थंय ऱ्हवतास. तुमी सांगा."

बंदरावर पहिल्यांदा मला कुणीतरी गंभीरपणे काहीतरी विचारत होतं. मी म्हणालो, "मी खाली होतो. मला काही कल्पना नाही."

त्या दिवशीच्या नोंदीसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे : विशेष काही नाही.

संध्याकाळी तांडेल आणि त्याचा धाकटा भाऊ माझ्या खोलीवर आले. दोराबद्दल आभार म्हणून त्यांनी हाताएवढी सुरमई आणली होती. ती मी दोन्ही हातांनी घेतली, खाटेवर बसून. खाली ताडपत्री होती. ते गेल्यावर मासा मालकिणीला दिला. दोर त्यांनी मलाच परत केला, धुऊन, वेटोळं करून. 'पुण्याक घेवन जावा, आठवण.'

उरलेल्या दोन महिन्यांत मी काय बघितलं तेही लिहायला हवं. तांडेलाचे डोळे गेले असं गावाने ठरवलं. सुकाणू धाकट्या भावाकडे गेलं. तांडेल धक्क्यावर जाळी विणत बसायला लागला. तो वाटेने चालला की पोरं मागून ओरडत, "भिंत इली, भिंत इली!" मी पट्टी वाचत असे. त्याच्याकडे बघायचं टाळण्यासाठी मी खेकड्याकडे इतकं बघितलं की शेवटी त्यानेच जागा बदलली.

बदली झाली, मी पुण्याला आलो, लग्न झालं. बायकोने सामानातला दोर बघून विचारलं, हा कसला? मी म्हणालो, तिकडे एक होडी खडकावर चढली होती, तेव्हाचा. हे खरंच होतं. पुढचं सगळं तिने स्वतः रचलं. मी फक्त 'नाही' म्हणालो नाही. दोर आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधला. रोज सकाळी बनियन काढताना मला बंदर दिसायचं.

या वर्षी दिवाळीनंतर फोन आला. बाईंचा आवाज. "काका, मी तांडेलांची मुलगी. तुमच्या वहीवर चित्रं काढायचे ती." आठवली. आठ वर्षांची होती. आता हडपसरला राहते, कंपनीत आहे, नवराही कंपनीत. माझा नंबर तिने बंदरावरच्या माझ्या जुन्या घरमालकाकडून मिळवला होता.

"बाबांना ऑपरेशनसाठी इथे आणलंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात साधी सर्जरी आहे, पण उशीर केला तर अवघड होईल. बाबा ऐकतच नाहीत. दोनदा अपॉइंटमेंट कॅन्सल केली."

"का?"

"त्यांचं एकच. डोळ्यांचं ऑपरेशन केलं तर गाव म्हणेल, बघा, शेवटी कबूल केलंन. तुम्हाला आठवतं ना ते सासूवरचं?"

मी म्हणालो, पुसट आठवतं.

"तुम्ही त्या दिवशी होता, काका. तुम्ही बाहेरचे, शिकलेले. तुम्हाला ते मानतात, दोर तुम्हीच आणला होतात. तुम्ही येऊन त्यांना एवढंच सांगा की तुमचे डोळे तेव्हाच चुकले होते, भिंत जागेवरच होती. तुमचं ऐकतील."

फोन ठेवला तेव्हा बायको शेजारी उभीच होती. तिचा चेहरा उजळला होता. "जायलाच हवं," ती म्हणाली. "तुम्ही वाचवलेला माणूस!"

कर्वेनगरहून हडपसरला जाईपर्यंत होडी गोव्याला जाऊन येते. तेवढ्या वेळात मी निरनिराळी वाक्यं जुळवून बघितली. एकही धड नव्हतं.

अकरावा मजला. तांडेल गॅलरीत खुर्चीवर बसलेला, सत्तरीपलीकडचा, तसाच काडीसारखा. बुबुळांवर दुधाची साय आल्यासारखी. माझ्या आवाजावरून त्याने ओळखलं.

"पट्टीवाल्यानू, तुमी? बसा, बसा. किती भरती आसा पुण्यात?"

मी म्हणालो, रस्त्यावर आहे, नळाला नाही.

तो खुश झाला. मग मला त्याने हडपसर दाखवलं. "ती पाण्याची टाकी टावराखाली इली की सरळ चलायचा, भाजीवालो मिळता. टाकी टावराच्या डावीक गेली तर मानूस चुकलो, रिक्षावाल्यांत जातलो." मुलगी मागून म्हणाली, "रोज एकटेच जातात. दिसत काही नाही, नुसत्या सावल्या. परवा एका बाईला खांब समजून टेकले."

"खांब नव्हता?" तांडेल म्हणाला. "मग गप का उबी होती?" मग माझ्याकडे वळून, तक्रारीच्या सुरात, "पण हंय एक वायट आसा. खुणा ऱ्हवनत नाय. काल एक पांढरी बिल्डिंग होती, आज तिका हिरवा कापड गुंडाळलानी. मानूस येवचो कसो?"

मुलीने मला डोळ्यांनी खुणावलं : आता बोला. बायकोने पदर सावरला आणि ऐकायला सज्ज झाली.

मी म्हणालो, "त्या दिवशी तुमचे डोळे चुकले नव्हते."

मुलगी म्हणाली, "काका!"

"भिंत झाकली होती. मी. ताडपत्रीने. आणि काजूंना चादरी बांधल्या होत्या. पांढऱ्या. तुम्ही आपटलात तेव्हा मी पळत जाऊन सगळं काढलं."

मी बायकोकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस मला अकराव्या मजल्यावरून खाली टाकेल, आणि त्याला कुणी दोष देणार नाही.

तांडेल म्हणाला, "चादर केवडी?"

"काय?"

"रुंदी किती? दोन की एक?"

"दोन. जोडून."

"भिंतीसून किती पावला?"

"तीस. चाळीस असतील."

"वर की खाली?"

"त्याच उंचीला."

त्याने टेबल जवळ ओढलं. औषधाची बाटली मधोमध ठेवली, तो बोडका माड. चौकोनी खारी, ती भिंत. माझ्या बायकोने आणलेल्या डब्यातला बेसनलाडू उचलून पुढे ठेवला. "ही सासू." मग कागदी रुमालाची घडी घालून चाचपत खारीच्या बाजूला ठेवली. "ही तुजी चादर." मी तुमीचा तू झालो होतो, तो तिथेच. चमचा घेतला, ती होडी. एक डोळा मिटून, न दिसणाऱ्या दुसऱ्याने रेघ धरून, त्याने चमचा बाटली आणि रुमालाच्या नेमात ठेवला आणि सावकाश पुढे सरकवत आणला. चमचा थेट लाडवात घुसला.

त्याने चमच्यावरचा हात काढला नाही.

"बघलंस?" तो मुलीला म्हणाला. "मी रेष सोडूक नाय! चादरीखालसून बरोब्बर इलंय! एक हात हंय नाय, एक हात थंय नाय!"

बावीस वर्षांत त्याला हेच हवं होतं. कोणी माफी मागावी असं नव्हे. आपण चुकलो नाही, एवढंच.

मग त्याला बाकीचं आठवायला लागलं, एकेक. "आनि दोर?"

"ताडपत्रीचा."

"आनि आमी तुका सुरमय दिली!"

"हो."

"खाल्लंस तरी?"

"नाही. मालकिणीला दिली. आम्ही खात नाही."

इथे तो खरा संतापला. होडीवरून नाही, सुकाणू गेलं म्हणून नाही, पोरांच्या ओरडण्यावरून नाही. "तेवडी सुरमय!" तो कपाळावर हात मारून म्हणाला. "खोट्या बोल्लो तो बोल्लो, वर खाल्लान पन नाय!"

शिक्षा त्याने लगेच सुनावली. मुलीने गावाला धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे धक्क्यावर पाच-सहा माणसं जमा झाली होती. मला उभं राहून, मोठ्याने, सगळं पुन्हा सांगायला लावलं. "जोरात! थंय वारो आसा!" तांडेल मागून ओरडत होता. मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही. सोसायटीच्या सभेतही मी हात वर करून नुसतं मत देतो. तिथे मी हडपसरच्या गॅलरीतून समुद्रकाठच्या लोकांना ओरडून सांगितलं की चादर माझी होती.

बायको मागून म्हणाली, "सासूबाईंची."

मग धाकटा भाऊ म्हणाला, "आता सांगतंस? ती भिंत पाडून धा वर्सा झाली. आता दादाचो पुतणो, माझो झील, जीपीएस बघून येता."

"मग बरा आसा," तांडेल म्हणाला.

"बरा कसला? परवा तोच जीपीएस बघता बघता सासूवर चढलो."

तांडेल हसायला लागला. असा हसला की खोकला आला, मुलीने पाणी आणलं, तरी हसत राहिला. तिकडून कोणीतरी विचारलं, "चादर होती काय रे?" आणि ते सगळं बंदर दुसऱ्यांदा हसलं. या वेळी तो त्यांच्यात होता.

फोन बंद झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि मुलीला म्हणाला, "घे ती तारीक."

"कसली?"

"आपरेशनाची. मोतीबिंदू तेवा नव्हतो. आता आसा, तो काढूया."

परतताना बायको हडपसरपासून स्वारगेटपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी तिच्याइतकाच गप्प, पण ते माझं नेहमीचंच. स्वारगेटच्या सिग्नलला म्हणाली, "म्हणजे वीस वर्षं मी पाहुण्यांना—" आणि थांबली. हिरवा लागल्यावर म्हणाली, "नाही, पण आत्ताची गोष्ट जास्त चांगली आहे." परवा तिच्या मावसबहिणीला सांगत होती, "यांच्याकडे बघून वाटतं का गं? यांनी एकदा आख्खी होडी खडकावर घातली आहे." मावसबहिणीला ते मात्र लगेच वाटलं.

दोन्ही डोळे झाले. दुसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी मुलगी त्याला आमच्याकडे जेवायला घेऊन आली. काळा चष्मा लावून तो दारात उभा राहिला, चष्मा काढला, आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एवडो म्हातारो झालंस?"

मी म्हणालो, वेळ लागला.

जेवणात त्याच्यासाठी आम्ही काय करणार, पुरणपोळी केली होती. त्याने दोन खाल्ल्या, तिसरी घेताना माझ्याकडे बघून म्हणाला, "मी दिलेला खातंय, बघ." जेवण झाल्यावर हात धुऊन तो गॅलरीत गेला. आमच्या गॅलरीतून समोरची सोसायटी, तिच्यामागची टेकडी आणि टेकडीवरचा एक मोबाइल टॉवर दिसतो. तो बराच वेळ नव्या डोळ्यांनी एकेक वस्तू निरखत होता. मग त्याची नजर वर दोरावर गेली. दोर त्याने ओळखला असावा, बोटांनी चाचपून बघितला. त्यावर त्या दिवशी धुतलेली चादर पसरलेली होती. पांढरी.

तो मागे वळला.

"काढ ती," तो म्हणाला.

"ओली आहे अजून," बायको आतून म्हणाली.

"ओली आसू दे. आत घाल खंय तरी." त्याने टॉवरकडे बघितलं, मग चादरीकडे, मग खाली वाहणाऱ्या रस्त्याकडे. "कोण खंयसून येत आसात, काय सांगूचा."

मी चादर काढली.